अकरा नंबरची तार

घिवलीवाल्याचा बँजो गातो आणि माझा वाजतो, असं माझ्या भाचीने मला तोंडावर सांगितलं. तेही तिच्याच लग्नाचं बोलायला मी बहिणीकडे घिवलीला गेलो असताना, तिनेच केलेला चहा माझ्या हातात असताना. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. कुठल्यातरी हळदीचा व्हिडिओ होता. माणसं नाचत होती आणि त्यांच्यामागे तो बसला होता, मान एका बाजूला टाकून, जणू वाजवायला काही कष्टच पडत नाहीत.

"माझ्या हळदीला हाच पायजे," ती म्हणाली. "राग नको मानू, मामा. तुझा वाजतो. याचा गातो."

मी चहा संपवला. राग आला की आधी हातातलं काम संपवायचं, एवढं एक वळण मी स्वतःला लावून घेतलं आहे. त्यानंतर काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगतो. आम्ही ज्याला बँजो म्हणतो तो विलायती, गोल, चामडं मढवलेला, गळ्यात अडकवायचा बँजो नव्हे. आमचा बँजो म्हणजे आडवी ठेवायची लाकडी पेटी. तिच्यावर तारा ताणलेल्या आणि तारांच्या वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. गाण्याची चाल दोन तारांवर वाजते. त्या दोन्ही एकाच सुरात लावलेल्या असतात. बाकीच्या तारा नुसत्या घुमतात. पेटीला पिकअप लावून तो आवाज स्पीकरमधून सोडला की पालघरपासून डहाणूपर्यंत कुठलंही अंगण नाचायला लागतं. आमच्याकडे नवरा-नवरी एक वेळ उशिरा आले तर चालतात, बँजो वेळेवर लागतो.

मी मूळचा वाणगावचा. वडील दुसऱ्यांच्या मिरचीच्या वाडीत राबले. मी बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगला लागलो, भाड्याच्या खोलीत चौघांत राहिलो आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या पार्टीत ढोलकी बडवली. आज माझी स्वतःची बँजो पार्टी आहे. टेम्पो माझा, स्पीकर माझे, माणसं माझी. यातलं काहीही मला कोणी दिलेलं नाही. एकेक वस्तू मी घासाघीस करून मिळवली आहे आणि घासाघीस करताना समोरच्याला घाम फोडला आहे. त्यामुळे कोणी फुकटात काही घेऊन गेलं की माझ्या पोटात दुखतं. घिवलीवाला माझ्याकडून बरंच काही फुकटात घेऊन गेला.

तो आधी माझ्याच पार्टीत होता. खुंटीवर बसायचा. हे आमच्या पार्टीतलं जुनं काम आहे. बँजो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. गाणं चालू असताना तार उतरली तर त्याला स्वतः काही करता येत नाही. म्हणून पेटीच्या टोकाला, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात, तिथे दुसरा माणूस बसतो. तो कान लावून असतो आणि तार जरा खाली आली की गाणं न थांबवता खुंटी फिरवून ती वर आणतो. नाचणाऱ्यांना कळतही नाही. या कामाला कान लागतो आणि त्याला कान होता, हे मी नाकारत नाही.

पण एक खोड होती. दोन तारांपैकी एक तो केसभर खाली ठेवायचा. मी डोळे वटारले की वर घ्यायचा, गाणं रंगलं की पुन्हा खाली. विचारलं तर म्हणायचा, बरं वाटतं. वाणगावच्या एका हळदीत माझं डोकं फिरलं. मी वाजवणं थांबवलं आणि घरच्या माणसांसमोर त्याला सांगितलं की ज्याला दोन तारा एक करता येत नाहीत त्याने वाद्याला हात लावू नये. पुढच्या मोसमात त्याने स्वतःची पार्टी काढली. मी सगळीकडे सांगत राहिलो की त्याला तारा लावता येत नाहीत. ते खरंच होतं. अजूनही खरं आहे.

आणि आता त्याचा बँजो गातो म्हणे.

हळदीचं मी बहिणीशी बोललो. ती माझ्याहून धाकटी, पण घासाघिशीत माझ्या तोडीची. तिचं म्हणणं, "दादा, तू मामा. मामाने मानाने वर बसायचं का घाम गाळत वाजवायचं? आणि तो आमच्या आळीतला. त्याला सोडून दुसऱ्याला बोलवलं तर उद्या मला पाण्याला जाताना तोंड दाखवायला नको?" मी म्हणालो, मामाचा बँजो असताना मुलीच्या हळदीत परका वाजवतो, यात माझं तोंड कुठे राहिलं? बराच वेळ गेला. मी संपूर्ण संध्याकाळ मागितली, तिने एक गाणं देऊ केलं. शेवटी ठरलं ते असं: प्रत्यक्ष हळद लागेपर्यंत, म्हणजे शेवटच्या सुवासिनीचा हात नवरीला लागेपर्यंत मी वाजवायचं. त्यानंतर नाच सुरू झाला की तो.

म्हणजे एकाच मांडवात, एकाच गर्दीसमोर, आधी मी आणि मग तो. माझ्या भाचीच्या कानावर दोन्ही आवाज पाठोपाठ पडणार. मला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना.

तो व्हिडिओ मी माझ्या मोबाइलवर शोधून काढला आणि पुन्हा पुन्हा ऐकला. त्याची पेटी माझ्याच पेटीच्या घडणीची. ती घेताना दुकानदाराशी भाव मीच केला होता, तेव्हा घिवलीवाला माझ्याकडे कामाला होता. बोटं माझीच, मी शिकवलेली. चाली त्याच. मग फरक कुठे राहिला? तारांत. मला वाटलं, नक्कीच तारांत.

आमच्या धंद्यात तारेचा नंबर कोणी कोणाला सांगत नाही. आम्ही गिटारच्या तारा वापरतो. नऊ नंबर बारीक, तिचा आवाज चिरका आणि ती तुटते लवकर. दहा नंबर मधली, मी कायम तीच लावत आलो. अकरा जाड. आवाज भरीव, पण बोटाला जड आणि खुंट्यांना ओढ. कोण कुठली लावतो हे कळू नये म्हणून पाकिटं घरी फोडायची, टोकं मुळाशी कापायची, कोणी वाकून बघायला लागलं तर पेटीवर फडकं टाकायचं. मीही हेच करतो.

तारा पालघरच्या बाजारातल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानातून येतात. मी गेलो. आधी दहा नंबरच्या तारा मागितल्या, मग ढोलकीची शाई, मग ताशाच्या काड्या, आणि निघता निघता सहज विचारल्यासारखं विचारलं की घिवलीला कुठली जाते. दुकानदार म्हातारा आणि मुरलेला. एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगत नाही, म्हणाला. मी उठलो नाही. त्याच्याकडे केबलचं एक मोठं भेंडोळं बरेच महिने पडून होतं, ते मला नको होतं हे त्याला माहीत होतं. मी ते बघायला मागितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, भेंडोळ्याकडे पाहिलं. ते टेम्पोत चढल्यावर तो काउंटर पुसत म्हणाला, "अकरा नंबर नेतो तो. नेमाने."

मी अकराची पाकिटंही घेतली. पण विश्वास ठेवला नाही. माझ्यासारखं गिऱ्हाईक समोर असताना मीसुद्धा खोटं बोललो असतो.

म्हणून हळदीच्या काही दिवस आधी बोईसरला घरी बसून मी नेहमीच्या दहा नंबरच्याच तारा लावल्या. हे काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. एकदम सगळ्या तारा काढायच्या नाहीत. एक काढायची, एक चढवायची, नाहीतर घोडी, म्हणजे ज्या पट्टीवर तारा टेकतात ती, जागची हलते. तारेच्या टोकाचा पितळी मणी आकड्यात अडकवायचा, तार घोडीवरून, बटणांच्या खालून सरळ न्यायची, खुंटीच्या भोकातून काढायची. लगेच ताणायची नाही. दोन-तीन वेढे बसतील इतकी ढील ठेवायची आणि वेढा वरून खाली उतरला पाहिजे, एकावर एक चढता कामा नये. मग सुरात आणायची, अंगठ्याने उचलून ओढायची, ती उतरते, पुन्हा सुरात आणायची. नवी तार दोन दिवस तरी खाली सरकत राहते. तिला वाजवून वाजवून बसवावी लागते. खाऱ्या वाऱ्यात वाजवायचं असेल तर वरून कोरडं फडकं फिरवायचं. हे सगळं मी केलं. हळदीच्या दिवशी सकाळी माझ्या तारा अशा बसल्या होत्या की टेम्पोतून घिवलीपर्यंत हादरे खात नेऊनही सूर हलला नाही.

अकराची पाकिटं शर्टाच्या खिशात होती. ती घरी ठेवून गेलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

मांडव बहिणीच्या अंगणात. मागे सुरूची झाडं, त्यांच्यापलीकडे समुद्र. ऊन उतरलं तसे पाहुणे जमायला लागले. कोणी तारापूरच्या अणुवीज प्रकल्पातली ड्यूटी संपवून, कोणी डहाणूकडून, नवऱ्याकडची काही माणसं डोंगराकडून. घिवलीवाला माझ्या आधी येऊन बसला होता. मला बघून उठला आणि पाया पडला. लोकांसमोर पाया पडायची त्याला हौसच आहे.

"शेट, तुमी आधी. मी मागून," तो म्हणाला.

"माझ्या भाचीची हळद हाय. मला तू सांगणार, कोण आधी?"

तो हसला आणि आवाज तपासायला त्याने चार सूर वाजवले. चारच. मांडवात नारळ सोलत बसलेली माणसं थांबली. व्हिडिओत ऐकलं होतं त्याच्याहून ते वाईट होतं, म्हणजे माझ्यासाठी वाईट. त्या आवाजाला अंग होतं. एक सूर संपताना दुसऱ्याला किंचित लडिवाळपणे घासत जात होता. माझी बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारात उभी राहून ऐकू लागली. मी आलो तेव्हा ती बाहेर आली नव्हती.

मी त्याच्या पेटीकडे बघायचं टाळलं आणि त्याच्या पिशवीकडे बघितलं. पिशवीचं तोंड उघडं होतं. आत केबल, फडकं, आणि वर पडलेलं पाकीट. अकरा नंबर. माझ्या खिशात होतं तेच.

मी पेटी उचलली आणि टेम्पोत जाऊन बसलो. पार्टीतला माझा चुलत भाऊ, जो आता माझ्याकडे खुंटीवर बसतो, मागोमाग आला. मी दहाच्या बसलेल्या तारा काढतोय हे बघून तो घाबरला. "दादा, आता? नवी तार आता लावशील तर..." पुढे तो बोलला नाही, कारण मी त्याच्याकडे बघितलं. त्याला जे म्हणायचं होतं ते मीच त्याला शिकवलेलं आहे. ते मला त्या क्षणीही माहीत होतं. पण घिवलीवाल्याच्या त्या चार सुरांनंतर दहा नंबरच्या तारा घेऊन त्या मांडवात बसणं मला शक्यच नव्हतं. मी अकराच्या तारा चढवल्या, ओढल्या, पुन्हा ओढल्या, बोट कापलं, टोकं कापायला वेळ नव्हता म्हणून तशीच वळवून ठेवली. बाहेरून बहिणीने हाक मारली की पाट मांडलाय.

पहिलं गाणं चांगलं गेलं. आवाज भरीव होता, हे खरं. जाड तारेखाली बटणं जड जात होती, पण मी दाबली. भाची पाटावर बसली होती, बायका एकेक करून पुढे येत होत्या. दुसऱ्या गाण्यात तारा उतरायला लागल्या. दोन्ही सारख्याच उतरल्या असत्या तर निभावलं असतं. पण एक भराभर उतरत होती, दुसरी हळू. चुलत भावाने खुंटी फिरवली, ती जास्त फिरली. तार वर चढून किंचाळली. त्याने घाईने उलटी फिरवली, ती पार खाली गेली. हळद लावणाऱ्या एका म्हातारीचा हात भाचीच्या गालापाशीच थांबला. कोणीतरी हसलं. भाचीने डोळे मिटून घेतले होते. हळद डोळ्यांत जाऊ नये म्हणूनही असेल.

मी थांबलो नाही. हळद चालू असताना बँजो थांबत नाही. तसं झालं तर बायका त्याचा भलताच अर्थ काढतात आणि तो मुलीला आयुष्यभर ऐकवतात. माझे दोन्ही हात पेटीवर, आणि पेटी माझ्या ताब्यात नाही.

तेव्हा घिवलीवाला उठला. चुलत भावाच्या खांद्यावर त्याने बोट टेकवलं, भाऊ सरकला, आणि तो जाऊन खुंटीवर बसला. जिथे तो इतकी वर्षं बसायचा, तिथेच. माझ्याकडे बघितलंही नाही. कान पेटीजवळ नेला आणि एक तार अलगद वर आणली, बाईने पदर सावरावा तशी. मग दुसरी. ती सरकत होती, तो तिच्यामागे जात होता. जमलेल्यांना खाली काय चाललंय ते कळलं आणि कोणीतरी टाळी वाजवली. माझ्या गाण्यासाठी नव्हे.

आणि मग मला ऐकू आलं. त्याने दुसरी तार पुरती वर आणलीच नव्हती. केसभर खाली ठेवली होती. तीच खोड. मी डोळे वटारले, तो खाली बघत होता. ओरडू शकत नव्हतो, हात सोडू शकत नव्हतो. आणि माझ्याच हातांखाली माझीच पेटी गायला लागली होती. दोन तारा एकमेकींना घासत चालल्या होत्या, डोंगराकडे फुंकून वाजवतात त्या तारप्याच्या दोन नळ्यांसारख्या. मी एरवी हळदीत तारप्याची चाल वाजवत नाही, माझ्या पेटीवर ती कोरडी वाटते. त्या दिवशी हात आपोआप तिच्याकडे वळला. डोंगराकडचे पाहुणे उठले, एकमेकांच्या कमरेला हात घालून त्यांनी फेर धरला, आणि हळद लावायच्या बायका कामं सोडून त्यांत शिरल्या. शेवटच्या सुवासिनीचा हात कधी लागला ते कोणी बघितलंच नाही. माझी वेळ संपली होती आणि मला कोणी उठवत नव्हतं.

नंतर पाण्याच्या पिंपाजवळ तो भेटला. मी त्याचे आभार मानले नाहीत. मी विचारलं, "तूपण अकराच लावतोस ना?"

"अकरा?" त्याला आधी कळेना. मग त्याला माझ्या पेटीवरच्या न कापलेल्या तारा आठवल्या असाव्यात. त्याने तोंडावर हात ठेवला. "शेट, ती गळाला. वाम पकडायला. वामीला दात असतात, साधी दोरी तोडते. अकरा नंबर तुटत नाय."

"मग बँजोला?"

"दहा. तुमीच लावायला शिकवली ना?"

दुकानदार खरं बोलला होता. मी केबलचं भेंडोळं घेऊन मासे पकडायची तार विकत आणली होती.

बहीण मला म्हणाली, बघ दादा, त्याच्या मनात काय नाय. म्हणजे कोणाच्या मनात आहे ते मला कळलं. भाची हळदीने माखलेल्या हातांनी आली, तिने आधी त्याच्या गालाला हळद फासली, मग माझ्या.

"मामा," ती म्हणाली, "आज तुझा बँजो गायला."

तिने ते प्रेमाने म्हटलं. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून वाणगावची जत्रा बघितलेली पोर ती. तिच्या तोंडून एवढं ऐकायला मी काय काय केलं होतं, आणि ते मिळालं तेव्हा त्यातला अर्धा वाटा शेजारी उभा राहून गालाची हळद पुसत होता. अर्धासुद्धा नाही म्हणा. माझ्या वाट्याला हातांचं काम आलं, गाणं त्याचं.

लग्नानंतर तिने हळदीचा व्हिडिओ टाकला. त्यात माझे हात आहेत, माझी पेटी आहे, आणि कोपऱ्यात खुंटीवर वाकलेला त्याचा अर्धा चेहरा. खाली लोकांनी लिहिलं आहे की घिवलीवाल्याचा आवाज लगेच ओळखू येतो. मी उत्तर लिहिलं की वाजवणारा मुलीचा मामा आहे. ते एकदा वाचलं आणि पुसून टाकलं.

मी अकराच्या तारा काढल्या, दहाच्या पुन्हा चढवल्या, नीट, एक काढून एक. त्या बसल्यावर चुलत भावाला खुंटीवर बसवलं आणि एक तार जरा खाली घ्यायला सांगितली. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्याने घेतली. बेसूर लागली. थोडी वर घ्यायला सांगितली, दोन्ही एक झाल्या. पुन्हा खाली, पुन्हा बेसूर. मी त्याला उठवून स्वतः खुंटी धरली. माझ्या बोटांना दोन तारा वेगळ्या राहिलेल्या सहन होत नाहीत, ती आपण होऊन त्यांना एक करतात.

"दादा, जरा खाली म्हणजे किती खाली?" भावाने विचारलं.

हे विचारायला घिवलीला एक फोन पुरला असता. नंबर माझ्याकडे आहे.

"एक कर," मी म्हणालो.

त्याने एक केल्या. सूर अगदी बरोबर लागला. पुढच्या हळदीला मी पेटी तशीच वाजवली, तारापूरला, भरल्या मांडवात. कुठेही चूक झाली नाही. कोणी तक्रार केली नाही. कोणी काही म्हणालंच नाही.